डावीकडची सीट

१ सप्टेंबर १९४६, रविवार

गाडी घेतली.

लाल टू-सीटर, विलायती स्पोर्ट्स कार, मॉडेल चौतीसचं. टप कापडाचा, मागे घडी होतो. बॉनेट एवढं लांब की ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकावरच बसतो. पाचगणीचा म्हातारा कर्नलसाहेब बाडबिस्तरा आवरून कायमचा विलायतेला चालला आहे, त्याची ही गाडी. म्हणाला, हवालदार, मी ही फक्त रविवारी काढत असे. गाडीला सहा दिवस आराम आणि माणसाला एक दिवस मौज, याला वीकएंड म्हणतात. मला ते फार पटलं. मोटार सर्व्हिसमध्ये सुपरवायझर झाल्यापासून सहा दिवस खटारा बसगाड्या आणि त्यांचे त्याहून खटारा ड्रायव्हर सांभाळतो. सातवा दिवस माझा. साताऱ्यात वीकएंड करणारा पहिला मराठा मीच असणार.

लाल रंग मुद्दाम निवडलेला नाही. होती तीच लाल होती.

चाचणी घेऊन बंगल्यापाशी परत आलो तेव्हा बटलरने चहाचे दोन कप आणले. एक मला दिला, दुसरा डाव्या दारापाशी धरून उभा राहिला. साहेबाने विचारलं, तुझा मित्र खाली का उतरत नाही. मी एकटाच गेलो होतो. इंग्रजी विनोद असावा. मी हसलो.

संकल्प: दर रविवारी नवी जागा. महाबळेश्वर, प्रतापगड, कास, कोयनेचं खोरं. सगळीकडे जायचं, म्हसवड सोडून. म्हसवडचा रस्ता स्पोर्ट्स गाडीला मानवणारा नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

बायकोने, म्हणजे मनूने, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न विचारला, म्हायेरी कवा न्यायचं. माहेर म्हसवड. मी रस्त्याचं सांगितलं. ती म्हणाली, आवं, त्या रस्त्यानं बैलगाड्या जात्यात, सर्विस जाती, तुमची येवढी नाजूक हाय व्हय. सर्विस म्हणजे आमचीच बस. मी विषय बदलला.

एकदा नीट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. म्हसवडला मनूची आई हरणाबाई आणि भावजय राहीबाई असतात. भाऊ नाथाजी फौजेत माझ्याच कंपनीत ड्रायव्हर होता, इटलीत. चव्वेचाळीसच्या डिसेंबरात एक गाडी घेऊन गेला तो परत आला नाही. सरकारी कागदावर ‘गैरहजर, ठावठिकाणा नाही’ असं आहे. गाव त्याला पळून गेला म्हणतं. कुणी म्हणतं तिकडे गोऱ्या बाईशी घर मांडलंय आणि द्राक्षं पिकवतो. त्यामुळे राहीबाईच्या कपाळावर कुंकू आहे आणि पाणवठ्यावर तिला पळपुट्याची बायको म्हणतात. ज्या गावात घरटी एक शिपाई आहे तिथे हे सोपं नाही. पण त्याला मी काय करणार.

फेब्रुवारीत फौजेतून सुटून आल्यापासून मी म्हसवडला गेलेलो नाही. रजा नसते.

८ सप्टेंबर, रविवार, सकाळी ९

महाबळेश्वर. थर्मास भरला. गॉगल, हातमोजे, साहेबाने दिलेली चेकची टोपी. आळीतले लोक बघायला उभे आहेत.

सकाळी १०.४०

गाडी सुरू होत नाही. हँडल मारून खांदा निखळायला आला. लोक अजून उभेच आहेत.

दुपारी १२

पोवई नाक्यावरचा फिटर कोंडीबा आला. त्याने सगळं तपासलं, दोष सापडला नाही. गाडी सावलीत घ्यावी म्हणून चौघांनी ढकलून तिचं तोंड पूर्वेला फिरवलं आणि पहिल्याच हँडलला सुरू झाली. पश्चिमेला वळवली की बंद. पुन्हा पूर्वेला, सुरू. असं तीनदा झालं. कोंडीबा म्हणाला, हिला कोरेगावाकडनं म्हसवडला जायाचं दिसतंय. त्याला काही माहीत नाही, तो आपला पूर्वेकडची गावं मोजत होता. मी त्याला समजावलं की अंगणाला उतार आहे, पेट्रोल एका अंगाला जातं. त्याने अंगणाकडे पाहिलं. अंगण सपाट आहे, पण ते डोळ्यांना कळत नाही.

थर्मासमधला चहा ओट्यावरच प्यालो. हवा हुबेहूब महाबळेश्वरची होती.

१५ सप्टेंबर, रविवार

आज मनूला घेऊन जायचं ठरलं होतं. नवं लुगडं नेसून ती डावीकडच्या सीटवर बसली आणि लगेच उतरली. म्हणाली, सीट ऊन लागतीया, आत्ताच कुनीतरी उठून गेलंय. मी तिला इंजिनाच्या उष्णतेबद्दल पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. ती म्हणाली, इंजिन तर अजून चालूच केलं न्हाई. बायकांना यंत्राचं ज्ञान नसतं. ती घरात गेली आणि नवं लुगडं बदलून तांदूळ निवडत बसली.

एकटाच गेलो. गाडी पूर्वेला तोंड करून सुरू केली, मग चालत्या गाडीत तिला हळूच उत्तरेला वळवलं. लिंब गावाच्या फाट्यापर्यंत पोचलो. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने न विचारता दोन कप आणले. मी सांगितलं, बाबा, मी एकटा आहे. त्याने गाडीकडे बघितलं आणि दुसरा कप परत नेला. जाताना म्हणाला, गरीब दिसतोय मानूस, कवाधरनं निस्ता बसून हाय, बोलत न्हाई.

१६ सप्टेंबर, सोमवार

हॉटेलवाल्याची नजर अधू असावी. धुराने होते.

२२ सप्टेंबर, रविवार

पाऊस. वीकएंड घरी. गाडीच्या माहितीचं इंग्रजी पुस्तक वाचायचं ठरवलं. चार पानं वाचून झोपलो. स्वप्नात कुणीतरी ‘दाजी’ म्हणून हाक मारत होतं. मला दाजी म्हणणारा एकच होता. कंपनीत सगळ्यांनी मला हवालदारसाहेब म्हणायचं अशी मी सक्त ताकीद दिली होती, तरी त्याच्या तोंडून परेडवरसुद्धा दाजीच यायचं. दोनदा शिक्षा केली. शिक्षा भोगून यायचा आणि विचारायचा, दाजी, जेवलासा का.

२९ सप्टेंबर, रविवार

कोंडीबाचा रिपोर्ट. डावीकडचा टायर उजवीकडच्यापेक्षा दुप्पट झिजला आहे. डावीकडच्या सीटची स्प्रिंग बसली आहे. त्याने विचारलं, डाव्या अंगाला कोन जड मानूस बसतंय रोज. मी म्हणालो, आपले रस्ते डावीकडे उतरते असतात. नवी स्प्रिंग घातली. संध्याकाळपर्यंत तीही खाली गेली.

नाथाजी अंगाने जड होता. हे आत्ता का लिहिलं ते मला माहीत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

गाडीची पूजा. मनूने झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग सगळ्यांदेखत म्हणाली की नवी गाडी आधी कुलदैवताला न्यावी लागते, ती नेली न्हाई म्हनून अशी आडमुठी झालीया. आमच्या दोन्ही घराण्यांचं कुलदैवत एकच, म्हसवडचा सिद्धनाथ. ही एक अडचणच आहे. मी पेट्रोलच्या कुपनांचं सांगितलं. ती म्हणाली, सांगलीला जायाला कुपनं हायती, लिंबाला जायाला हायती, देवाकडं जायालाच न्हाईत का.

सांगलीला मी अजून गेलेलोच नाही. फक्त जाणार असं बोललो होतो.

लिंबं चिरडून गाडी पुढे घ्यायची असते. तीन लिंबं फुटली. डाव्या पुढच्या चाकाखालचं लिंबू तसंच अख्खं राहिलं. लिंबू टणक असावं.

१३ ऑक्टोबर, रविवार

प्रतापगड रद्द. पोटात दुखत होतं. गाडी पुसली. डावीकडची सीट सोडून सगळी पुसली.

मला या गाडीची भीती वाटत नाही. लोक काय वाटेल ते बोलतात. मला फक्त तिच्याशेजारी एकट्याने उभं राहायला आवडत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार. भाऊबीज

भाऊ परगावी असला की बहिणीने चंद्राला ओवाळायचं. मनू दोन वर्षं तेच करते आहे. बीजेचा चंद्र आधीच घटकाभराचा, त्यात आमच्या घरावरून तो यवतेश्वराच्या डोंगराआड लगेच जातो. आज ताट घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो गेलेला होता. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वळली, गाडीपाशी गेली आणि डावीकडच्या सीटला ओवाळलं. सुपारीने, निरांजनाने, अगदी सावकाश. सीटच्या पाठीवर, कपाळ येईल एवढ्या उंचीवर, कुंकवाचं बोट टेकवलं.

मी तिला थांबवू शकलो असतो. असं ओवाळायचं नसतं, एवढं म्हटलं असतं तरी ती थांबली असती. पण मग का नसतं ते सांगावं लागलं असतं.

ताटात ओवाळणी पडली नाही म्हणून बरं दिसेना. मी खिशातून एक रुपया काढून ठेवला. तिने रुपयाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, तुमी कशापायी. मी म्हणालो, त्याच्या वतीने. निरांजन विझेपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहिली.

२७ ऑक्टोबर, रविवार

निर्णय झाला. गाडी विकायची. मौज पुष्कळ झाली.

३ नोव्हेंबर, रविवार

सांगली. गिऱ्हाईक मिळालं होतं. मधुकर नावाचा हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, शिकलेला, गोरा, बोलायला गोड. त्याला चालवून बघायचं होतं. म्हणजे स्टिअरिंगवर तो आणि डावीकडे मी. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी त्या सीटवर बसलो. जागा कमी पडली. एवढंच लिहितो.

मधुकर गाडी छान चालवत होता. बाजारातून कृष्णेच्या पुलाकडे निघालो. पूल दिसला आणि मी ओरडलो, पूल नाही, पूल नाही, थांब. आणि स्टिअरिंग ओढलं. समोरून हळदीची पोती भरलेला गाडा येत होता. कुणाला लागलं नाही. पोती मात्र फुटली. गाडी, मी, मधुकर, गाडीवान आणि एक बैल पिवळे झालो. हळद नाकात गेली. पूल जागच्या जागी होता, त्यावरून माणसं ये-जा करत होती आणि आमच्याकडे बघत होती.

मधुकर फार सभ्य. रुमालाने तोंड पुसून म्हणाला, हवालदारसाहेब, ही गाडी तुम्हां दोघांनाच राहू द्या. मी विचारलं, दोघं कोण. तो म्हणाला, घरी हळदीचं काम आहे, येतो.

तसाच पिवळा परत निघालो. कराडला पाणी प्यायला थांबलो तर एका म्हातारीने गाडीत वाकून विचारलं, नवरदेव कंचा, ह्यो का त्यो.

४ नोव्हेंबर, सोमवार

एकदाच लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल. मग पान फाडायचं.

आमच्या कंपनीच्या साहेबाने इटलीत एका शेठची टाकून दिलेली लाल टू-सीटर स्वतःसाठी ठेवली होती. साहेब रविवारी शहरात गेला. मी नाथाजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या आपणही साहेबासारखी मौज करू. तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. तो डावीकडे, मी उजवीकडे. तो गात होता. म्हसवडच्या यात्रेतली गाणी, इटलीतल्या रस्त्यावर. नदीजवळ मी लघवीला उतरलो आणि त्याला म्हणालो, तू पुढे जाऊन गाडी वळवून आण. व्हय दाजी, म्हणाला. वळणापलीकडे पूल उडवलेला होता. ते आम्हांला माहीत नव्हतं. नदीला पूर होता. मी पळत गेलो तेव्हा पाणी नेहमीसारखं वाहत होतं. लाल काहीच दिसत नव्हतं.

चौकशीत साहेबाने विचारलं, हवालदार, तू कुठे होतास. मी म्हणालो, कॅम्पात. हे खोटं नाही, चौकशी चालली होती तेव्हा मी कॅम्पातच उभा होतो. मी खोटं बोललो नाही. कमी बोललो. हवालदारीची पट्टी गेली असती, कोर्ट मार्शल झालं असतं आणि त्याने नाथाजी परत आला नसता. कुठल्याही समंजस माणसाने हेच केलं असतं.

भरतीच्या वेळी हरणाबाईने माझा हात धरून सांगितलं होतं, जावईबापू, पोरगं तुमच्या पदरात हाय. सगळेच जण असं सांगतात. ती एक बोलायची रीत आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पान फाडलं नाही. मागच्या बाजूला टायरांचे नंबर आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार

मनू म्हसवडला गेली, आमच्याच बसने. चोवीस तारखेला सिद्धनाथाचा रथ आहे. जाताना म्हणाली, रथाला या. गाडी घिऊन या. त्येला घिऊन या, असंही म्हणाली असं मला वाटलं, पण बसचं इंजिन चालू होतं.

घर फार शांत आहे. संध्याकाळी दोनदा उठून खिडकीतून गाडीकडे बघितलं. टप लावलेला होता, तरी लावला का म्हणून पुन्हा बघून आलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. म्हसवडला जाणार आणि सांगणार. मुद्देसूद भाषण तयार केलं आहे, चार पानी. सुरुवात युद्धाच्या परिस्थितीपासून, मग तिकडचं हवामान, नद्यांची माहिती, नाथाजीच्या स्वभावातला अवखळपणा, शेवटी ईश्वरेच्छा. मी कुठे होतो हा भाग तिसऱ्या पानावर येतो आणि चार शब्दांत आटोपतो. वाचून दाखवलं तर कुणीही मान डोलवेल. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी आवाज छान लागला.

२४ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६

निघतो. गाडी हँडल अर्धं फिरवताच सुरू झाली. भाषण वरच्या खिशात आहे.

सकाळी १०, दहिवडी

गाडी एवढी चांगली कधीच चालली नव्हती. कोरेगाव, पुसेगाव, सगळं मागे पडत गेलं. खड्डेसुद्धा लागले नाहीत. स्टिअरिंगला हात लावायची गरज नव्हती असं वाटलं, पण मी लावला होता. वाटेत मी मोठ्याने भाषणाची उजळणी केली. दुसऱ्या पानापासून मी ‘राहीबाई’ म्हणायच्या ऐवजी ‘गड्या’ म्हणतो आहे हे लक्षात आलं. मी डावीकडे बघून बोलत होतो.

इथे हॉटेलात दोन चहा आले. दुसरा डाव्या दाराच्या काठावर ठेवला. तिथे तो निवेपर्यंत थांबलो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. म्हसवड

परवाचं आज लिहितो.

गावाबाहेर यात्रेकरूंना पटकीची लस टोचत होते. टोचणाऱ्याने मला टोचलं, पावती लिहिली आणि सुई घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला गेला. थोडा वेळ उभा राहिला, मग सुई खाली घेतली. दुसरी पावती त्याने कोरीच फाडून माझ्या हातात दिली.

दारात हरणाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात तसा तिने माझ्यावरून तुकडा ओवाळला. मग गाडीला वळसा घालून गेली आणि डावीकडच्या सीटवरून दुसरा ओवाळला. दोन तुकडे घेऊन आली होती. ते तिने आधीच ठरवलेलं होतं. गल्लीतली चार माणसं बघत होती, कुणी हसलं नाही. मनू उंबऱ्यात होती. राहीबाई तिच्या मागे. राहीबाईला मी लग्नानंतर आत्ताच नीट बघितलं. पंचविशीची असेल, केस कानाशी पांढरे झाले आहेत. कुंकू ठसठशीत.

मी भाषण काढलं. युद्धाची परिस्थिती असं म्हणालो, एवढ्यात राहीबाई म्हणाली, दाजी, बसून घ्या. आणि फळीवरून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. नाथाजीचं पत्र, वळणदार बाळबोध अक्षर, शनिवारची तारीख. ते सरकारी कागदाच्या नंतर वीस दिवसांनी पोचलं होतं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं, नंतर तिने स्वतः अक्षरं जुळवून पाठ केलं होतं. माझ्या हातात पत्र असताना तीच म्हणाली, न बघता: उंद्या ऐतवार हाय, दाजी मला साहेबाच्या लाल गाडीतनं फिरवाया न्हेनार हायती, लय मौज करनार हाय, आईला सांग दाजी माझ्यासंगट हायती, काळजी करू नगंस.

दोन वर्षं. हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं. मनूलाही. मी फेब्रुवारीत आलो, तेव्हापासून ती मला वाढत होती, माझे कपडे धूत होती, दर रविवारी विचारत होती, म्हायेरी कवा न्यायचं. मी रस्त्याचं सांगत होतो, कुपनांचं सांगत होतो, पोटात दुखतं म्हणत होतो.

राहीबाई म्हणाली, आमी तुमच्याकडं बोट दाखवाया न्हाई बोलावलं. तुमी व्हता एवढं ठावं हाय. फुडचं एकट्या तुमास्नीच ठावं. मला येवढंच सांगा, ह्ये ठेवू का पुसू. आणि कपाळाला हात लावला.

चार पानं खिशात होती. मी म्हणालो, पूल नव्हता. मी आधी उतरलो होतो. पुढे जाऊन वळवून आण, असं मीच म्हणालो. तो वळला नाही.

बाहेर रथाचे ढोल चालू झाले होते. हरणाबाईने जमिनीवर बसून विचारलं, पानी लय व्हतं का. मी म्हणालो, हो. मग तिने विचारलं, गार व्हतं का.

मी म्हणालो, नाही. ऊन होतं, अंघोळीला असतं तसं. तिने मान हलवली. तिकडचा डिसेंबर होता. माझ्या आयुष्यात मी एवढं चोख खोटं कधी बोललो नव्हतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

राहीबाई परसात गेली. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर काही नव्हतं. सगळं गाव रथाला गेलं होतं आणि घरात रडणाऱ्या तीन बायका आणि मी, असे होतो. मीही रडलो. रडताना मला बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

संध्याकाळी राहीबाई म्हणाली, दाजी, आता सरकारला ल्ह्या. त्यो पळाला न्हाई म्हनून ल्ह्या. मी म्हणालो, त्यात मला अडचण येईल. ती म्हणाली, येईल की.

२७ नोव्हेंबर, बुधवार

परत निघायचं म्हणून गाडीचं तोंड साताऱ्याकडे केलं. सुरू झाली नाही. पूर्वेला केलं, उत्तरेला केलं, गावातले माजी फौजी फिटर आले, हँडल मोडलं. हरणाबाई म्हणाली, ऱ्हाऊ द्या तिला. गोठ्यात ढकलली. दुपारपर्यंत एक कोंबडी डावीकडच्या सीटवर अंडं घालून बसली. तिला सीट ऊन लागली नसावी.

मनू परत आली नाही. म्हणाली, वहिनीचं दिवस व्हईस्तवर ऱ्हाते. त्यानंतर येणार का, ते मी विचारलं नाही. बसने आलो.

१ डिसेंबर, रविवार

वीकएंड.

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. पहिला मसुदा सहा पानी, त्यात हवामान होतं. फाडला. दुसरा तीन पानी, त्यात माझी बढती आणि वर्तणुकीचा दाखला होता. फाडला. तिसरा पाच ओळींचा. ‘ड्रायव्हर नाथाजी पळून गेलेला नाही. गाडीत मी त्याच्याबरोबर होतो. पूल तुटल्याचं माहीत नसताना मी त्याला पुढे पाठवलं. तो बुडाला. चौकशीत मी खोटं सांगितलं.’ पाचवी ओळ लिहायला दुपार गेली. सही केली. माझी सही नेहमी फार झोकदार येते, आज शाळेतल्यासारखी आली. पाकीट उद्या सकाळी टपालात टाकायचं. उद्याचं आजच लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

संध्याकाळी करमेना म्हणून पोवई नाक्यावर कोंडीबाकडे गेलो. त्याने गाडीचं विचारलं, मी सांगितलं. तो चहा आणायला समोर गेला. मी बाकड्यावर उजव्या टोकाला बसलो, डावीकडे जागा सोडून. सवय झाली आहे.

कोंडीबा एकच कप घेऊन आला. मी विचारलं, दुसरा.

तो म्हणाला, कुनाला. तुमी एकलंच हाय न्हवं.

मी बाकड्याकडे बघितलं. मग हो म्हणालो.